बाटली कुठून, कशी आणि कधी भरली, तेही विचारा

प्रति,
मा. प्रधान सचिव, पाणी पुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी गेली १४ वर्षं एका उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत अणुजीव तपासणीचं काम करते. तालुक्यातल्या विहिरी, हातपंप आणि नळयोजनांचं पाणी बाटल्यांतून माझ्या टेबलावर येतं आणि दोन-तीन दिवसांनी 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असा शेरा घेऊन कागदावर परत जातं. त्या शेऱ्याखाली माझी सही असते. गेल्या काही वर्षांत ती सही करताना हात अडखळतो. का अडखळतो, हे आमच्या मासिक अहवालातून आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ते लिहायला त्यात रकाना नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी आमच्या टेबलावर काय होतं ते सांगते. जांभळ्या रंगाचा पोषक द्रव भरलेल्या काचेच्या नळ्यांत आम्ही नमुन्याचं पाणी मोजून टाकतो, काहींत १० मिलिलीटर, काहींत १, काहींत ०.१. प्रत्येक नळीत आत एक छोटी नळी उलटी बुडवलेली असते. मग हा स्टँड ३७ अंशांच्या उबेत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या मी आधी दार उघडते ते इन्क्युबेटरचं. पाणी चांगलं असेल तर नळ्या कालच्यासारख्याच जांभळ्या उभ्या असतात. पाण्यात मैला मिसळला असेल तर रंग पिवळा पडलेला असतो आणि त्या उलट्या नळीच्या टोकाला वायूचा बुडबुडा अडकलेला दिसतो. एवढासा असतो तो, हरभऱ्याच्या डाळीएवढा. पण त्याचा अर्थ असा की या पाण्यात माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातले जंतू असण्याची दाट शक्यता आहे. मग त्याच्यावर पुढची तपासणी करून खात्री करायची. भारतीय मानक १०५०० (२०१२) याबाबत कुठलीही सूट देत नाही. १०० मिलिलीटर पाण्यात ई. कोलाय (मैल्यातून येणारा आतड्यातला जंतू) अजिबात आढळता कामा नये.

हे सगळं आम्ही नियमाप्रमाणे करतो. पण उत्तर मिळतं ते त्या बाटलीतल्या पाण्याचं. गाव तेच पाणी पितं का, हे आमच्या नळ्यांना कळत नाही.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. एका गावचे जलसुरक्षक (पाण्यात औषध टाकणारे, नमुने भरून आणणारे) काका नऊ बाटल्या घेऊन आले. नायलॉनच्या पिशवीत, एसटीनं, दोन गाड्या बदलून. सगळ्या बाटल्या मिनरल वॉटरच्या, वापरलेल्या. वर चिकटपट्टीवर नऊ ठिकाणांची नावं नीट लिहिलेली: शाळा, अंगणवाडी, मंदिराजवळचा नळ, खालची वाडी वगैरे. पहिलं झाकण उघडलं तर टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा वास नाकात गेला. दुसरं उघडलं, तोच वास. ओटीचे, म्हणजे क्लोरीन असला की पाणी पिवळं करणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले तर नऊही बाटल्यांचं पाणी सारखंच गडद पिवळं.

"काका, पाणी कुठलं आहे हे?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टाकीखालच्या नळाचं, ताई. सकाळी पावडर टाकली आन् लगेच भरल्या. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणले, नमुना फेल जाता कामा नये."

मी नवीन बाटल्या देऊन त्यांना परत पाठवायला हवं होतं. पण दुपारचे दोन वाजले होते, त्यांच्या गावाला जाणारी शेवटची गाडी साडेतीनची होती, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांनी आधीच बुडवली होती. मी नमुने लावले. नऊही नळ्यांचे स्टँड जांभळेच्या जांभळे राहिले. मी 'पिण्यास योग्य' लिहून सही केली. बाटलीतलं पाणी योग्यच होतं.

तीन आठवड्यांनी त्याच गावच्या खालच्या वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तेव्हा आमच्याच प्रयोगशाळेतून माणूस गेला आणि वाडीतल्या शेवटच्या घरचा नळ, पाणी सुटल्यावरची पहिली धार सोडून, नीट भरून आणला. त्याच्या नळ्यांचा रंग पिवळा पडला, बुडबुड्यासकट. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलं होतं आणि पाईप तिथेच गळत होता. पाणी बंद झालं की रिकामी लाईन ते गटार आत ओढून घ्यायची. त्यात दोन-चार घरांनी लाईनला थेट मोटारी लावलेल्या. सगळे रुग्ण बरे झाले, पण एका चार वर्षांच्या मुलीला सलाईन लावायला शीर सापडत नव्हती, असं तिथल्या आशाताईंनी मला सांगितलं. तिच्या वाडीचं नाव त्या नऊ बाटल्यांपैकी एकीवर लिहिलेलं होतं, आणि त्या बाटलीच्या अहवालावर माझी सही होती.

साधी बाटली आणि प्रयोगशाळेची बाटली यांत फरक काय, हे आपल्या कार्यालयात कुणी विचारलं तर ते समजावून सांगायला हवं, म्हणून थोडं लांबण लावते. निर्जंतुक केलेल्या बाटलीत आम्ही आधीच सोडियम थायोसल्फेट घालून ठेवतो. पाण्यातला क्लोरीन ते तिथल्या तिथे मारतं. का मारायचा? कारण क्लोरीन जिवंत राहिला तर प्रवासातले चार-पाच तास तो बाटलीतले जंतू मारत राहतो. नळातून बाहेर पडताना जे पाणी दूषित असतं, ते आमच्याकडे पोहोचेपर्यंत शुद्ध होतं. भर क्लोरीनच्या साध्या बाटलीतला नमुना म्हणूनच 'पास' होतो. दुसरी गोष्ट, आपल्याकडे बाटली भरण्याआधी विसळून घ्यायची चांगली सवय आहे. रासायनिक तपासणीच्या नमुन्याला ते बरोबर आहे. पण अणुजीव तपासणीची बाटली विसळली की थायोसल्फेट वाहून जातं. तीच बाटली उन्हात, बॅगेत, बसच्या टपावर आली तर जंतू मरतील तरी किंवा वाढतील तरी. दोन्हीकडून निकाल खोटा. नमुना बर्फावर, २४ तासांच्या आत यायला हवा, आणि शक्यतो सहा तासांत. यातलं काहीही गुपित नाही, प्रशिक्षणात आम्ही ते शिकवतो. पण शिकवलेलं करायला बर्फाची पेटी लागते, बाटली लागते, जाण्यायेण्याचं भाडं लागतं. जलसुरक्षकाला तुटपुंजं मानधन आणि त्यातून एसटीचं तिकीट स्वतःच्या खिशातून. काकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

दोष द्यायचाच असेल तर तो आपण दूषित नमुन्याकडे ज्या नजरेनं बघतो तिला द्यायला हवा, आणि मुख्य म्हणजे हेच मला सांगायचं आहे. दरमहा बैठकीत तालुकावार टक्केवारी वाचली जाते: इतके नमुने तपासले, इतके दूषित. ज्याची टक्केवारी जास्त त्याला उभं केलं जातं, खुलासा मागवला जातो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या स्वच्छता सर्वेक्षणातून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं आणि सलग पाच वर्षं चांगलं काम असेल, साथ आली नसेल, तर चंदेरी. ही पद्धत ज्यांनी आणली त्यांचा हेतू चांगलाच होता. लाल कार्ड म्हणजे इथे मदत हवी, इतका साधा अर्थ होता त्याचा. पण गावात लाल कार्ड म्हणजे नामुष्की, आणि दूषित नमुना म्हणजे ग्रामसेवकाच्या सेवापुस्तकावरचा डाग, असं झालं आहे. असं झालं की शहाणा माणूस काय करणार? पावडर टाकून लगेच बाटली भरणार. आमची आकडेवारी दरवर्षी सुधारत जाते आणि पाण्यात काय चाललं आहे हे आम्हाला दरवर्षी कमी कळतं.

हेच गावातच पाणी तपासायच्या क्षेत्रीय तपासणी संचांच्या बाबतीत होताना मी पाहिलं. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, आणि प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. मला ही कल्पना मनापासून आवडली, अजूनही आवडते. आमच्या तालुक्यातल्या एका प्रशिक्षणात एक बचत गटाच्या ताई होत्या. घरी जाऊन त्यांनी एच२एसच्या (पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळ्या पडणाऱ्या) छोट्या बाटलीत आपल्या हातपंपाचं पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी ते काळं झालं. त्यांनी ती बाटली पदराखाली झाकून ग्रामपंचायतीत नेली. तिथे त्यांना सांगण्यात आलं की हे ऑनलाईन भरू नका, उगाच चौकशी लागेल. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, बाटली पुढे ठेवली आणि विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या हातपंपाच्या ओट्याला भेग होती आणि चार पावलांवर शोषखड्डा होता. त्यांनी गावासाठी केलेलं काम एखाद्या पदवीधराला शोभेल असं होतं. पण त्यानंतर त्यांनी संच हातात घेतला नाही.

साथ आली की सगळं बदलतं. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढत गेले, आकडा २०० च्या वर गेला, अनेकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू मिळाला. त्यानंतर विहिरी, टाक्या, टँकर, खासगी आरओ केंद्रं, सगळ्यांचे नमुने घेतले गेले आणि काही आरओ केंद्रांचंही पाणी दूषित निघालं. त्या दिवसांत 'नमुना दूषित आला' याचा कुणाला राग आला नाही. तसा नमुना आला म्हणून लोक पाणी उकळून प्यायले. मला एवढंच म्हणायचं आहे की ही नजर साथीच्या आधीही ठेवता येते. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. अशी कावीळ पसरवणारा विषाणू आमच्या जांभळ्या नळ्यांत दिसतच नाही. मानकात म्हणूनच सांगितलं आहे की विषाणूपासून संरक्षण हवं तिथे पाण्यात उरलेला क्लोरीन किमान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा, एरवी ०.२ चालतो. म्हणजे शेवटच्या घरच्या नळाला रोज क्लोरीन किती उरला, ही एक नोंद वर्षातल्या दोन अणुजीव नमुन्यांपेक्षा कितीतरी मोलाची आहे. ती घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, दोन मिनिटं लागतात. आणि टीसीएलची पोती? ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ओलीवर उघडी पडलेली पोती मी पाहिली आहेत. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. गावाला वाटतं आपण रोज औषध टाकतो.

आता अहवालाबद्दल. बुडबुडा मला मंगळवारी सकाळी दिसतो. मग खात्रीची तपासणी, मग नोंदवही, मग पोर्टल, मग आठवड्याच्या शेवटी एकत्रित यादी, मग पंचायत समिती, मग टपाल. एका गावाला दूषित नमुन्याचा कागद अकराव्या दिवशी मिळाल्याचं मी स्वतः आवक रजिस्टरवर पाहिलं आहे. अकरा दिवस ते पाणी लोक पीत होते, आणि मला मंगळवारीच माहीत होतं. कागद पोहोचला तरी त्यावर असतं 'एमपीएन १६', म्हणजे जंतूंच्या अंदाजे संख्येचा नुसता आकडा. सरपंचांनी त्याचं काय करायचं? पाणी उकळायचं, पावडर टाकायची, की हातपंपाला लाल रंग द्यायचा, हे मराठीत एका ओळीत लिहिलेलं नसतं. नायट्रेटच्या बाबतीत तर ही ओळ नसणं धोक्याचं आहे. मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि त्यालाही सूट नाही. वरखतं, उकिरडे, सेप्टिक टाक्या यांतून ते विहिरीत उतरतं. चव नाही, वास नाही, रंग नाही. एका बाळंतिणीच्या सासूबाई मला कौतुकानं सांगत होत्या की विहिरीचं पाणी 'अयोग्य' आलं म्हणून त्या बाळाचं वरचं दूध करायला पाणी दहा-दहा मिनिटं उकळतात. त्या विहिरीत जंतू नव्हते, नायट्रेट होतं. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचाच धोका सगळ्यात जास्त. आम्ही 'अयोग्य' एवढाच शब्द लिहिला होता, आणि त्यांनी त्याचा जो अर्थ कुणीही लावला असता तोच लावला. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांनाही हेच लागू आहे. तिथे उकळून किंवा टीसीएलनं काही होत नाही, दुसरा स्रोत किंवा फ्लोराइड काढणारी यंत्रणाच लागते.

सांडपाण्याचा विषय आपल्या विभागाच्या थोडा बाहेरचा आहे, पण नदी ती एकच, म्हणून दोन वाक्यं. सांडपाण्याच्या बीओडीची बाटली आम्ही २७ अंशांवर तीन दिवस ठेवतो आणि पाण्यातला किती प्राणवायू जंतूंनी खाल्ला ते मोजतो. पण तो नमुना आधी कळवून, सकाळी अकरा वाजता, केंद्र नीट चालू असताना घेतला, तर रात्री दोन वाजता नाल्यात काय सोडलं हे तो कधीच सांगणार नाही. दिवसभराचं थोडं थोडं पाणी एकत्र करून घेतलेला नमुना आणि न सांगता घेतलेला नमुना, या दोन्ही पद्धती नियमांत आहेत. त्या वापरात याव्यात.

तर माझी मागणी अशी आहे. दूषित नमुन्यांची टक्केवारी कुणाच्याही कामाचं मोजमाप म्हणून वापरणं आपण लेखी आदेशानं थांबवावं. मोजायचंच असेल तर हे मोजा: नमुना दूषित आल्यापासून गावाला किती तासांत कळलं, गळती किती दिवसांत बुजली, आणि त्याच नळाचा फेरनमुना कधी स्वच्छ आला. दूषित नमुना शोधून दुरुस्ती करणाऱ्या ग्रामसेवकाचं त्या बैठकीत नाव घ्या. नमुन्याच्या फॉर्मवर नळाचं नेमकं ठिकाण, भरल्याची वेळ, पावडर कधी टाकली ती वेळ आणि जागेवर मोजलेला क्लोरीन हे चार रकाने सक्तीचे करा, आणि ते रिकामे असतील तर नमुना नाकारायचा अधिकार आम्हाला द्या. आज नाकारला तर 'उद्दिष्ट पूर्ण झालं नाही' म्हणून आमच्यावरच ठपका येतो. जलसुरक्षकांना निर्जंतुक बाटल्या, बर्फाची पेटी आणि भाडं द्या. त्याहून बरं म्हणजे आठवड्यातून एक दिवस प्रयोगशाळेचीच गाडी गावोगाव फिरवा, म्हणजे शेवटच्या घरचा नळ आम्हीच भरून आणू. आणि पहिल्या बुडबुड्यालाच, खात्रीच्या तपासणीची वाट न बघता, सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून 'सध्या पाणी उकळून प्या' एवढं सांगायची परवानगी आम्हाला द्या. पक्का निकाल आला की तो ग्रामपंचायतीसमोरच्या फळ्यावर मराठीत लिहिला जावा, काय करायचं त्या ओळीसकट.

यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पैसे लागत नाहीत. ज्यांना लागतात त्यांच्याबद्दल इतकंच सांगते की आमच्याकडचे बहुतेक जण कंत्राटी आहेत, पगार कधी वेळेवर तर कधी नाही, आणि वीज गेली की इन्क्युबेटर थंड पडतो. तरीही नमुना खरा असेल तर त्या नळ्यांपुढे आम्ही रात्रीही थांबतो.

ऑक्टोबरच्या सर्वेक्षणाआधी निदान फोनची परवानगी आणि फॉर्मवरचे चार रकाने, एवढे दोन आदेश निघाले तरी खालच्या वाडीचा पुढचा नमुना मी स्वतः जाऊन आणणार आहे. त्या शेवटच्या घरच्या नळाला पाणी पहाटे सव्वापाचला येतं, तेही विचारून ठेवलं आहे.

आपली विश्वासू,
पाणी तपासणी प्रयोगशाळेतील एक कर्मचारी